वेंगाईचं रक्त

ग्वेन्झी डिपिंग टाकी, चिमानिमानी
६ सप्टेंबर १९८८

तेते मुचानेता,

तुम्ही बऱ्या असाल तर आम्हीही बरे. बाबा गेल्यापासून मी तुम्हाला एक ओळ लिहिली नाही. बाबांच्या सख्ख्या बहिणीला, आपल्या तेतेला, भाचरानं असं विसरू नये, हे कळतं मला. पण राग नंतर काढा. पाकिटात कापसात गुंडाळलेल्या दोन काचपट्ट्या आहेत, त्या आधी बघा. बसच्या कंडक्टरला बजावलंय की पाकीट मांडीवरच ठेव, टपावर टाकू नको.

काचेवरचं रक्त माईच्या कुत्र्याचं आहे. नर, पाच वर्षांचा, बावीसेक किलोचा. चार दिवस झाले, तो उठत नाही. हाक मारली की शेपूट जमिनीवर एकदा आपटतो, बस. ओठ उचलून बघितला तर हिरड्या मक्याच्या पिठासारख्या पांढऱ्या. लघवी कोऱ्या चहाच्या रंगाची. गुरांना गोचिडांच्या औषधात बुडवणं हे माझं काम, त्यामुळे रक्त काढता येतं मला. पण ते काचेवर वाचणारं, प्रयोगशाळेतलं माणूस आपल्या घरात तुम्हीच.

एका कुत्र्यासाठी एवढं काय, असं म्हणाल. जुलैपासून सीमेपलीकडच्या लढाईतली माणसं बंदुका घेऊन येतायत. दोन टेकड्यांपलीकडचं गाव त्यांनी गेल्या महिन्यात जाळलं. जे जिवंत परत आले त्यांच्यातल्या काहींना कान नाहीत. दिवस कलला की आमचं अख्खं गाव चटया घेऊन डोंगरावर जातं. माईचं घर ओढ्याकाठी, सीमेकडून येणाऱ्या वाटेवर पहिलं. आजवर तीनदा कुत्र्यानं सगळ्यांच्या आधी ऐकलं. माई उठली, तिनं डबा वाजवला आणि गाव पळालं. माझ्याकडे टाकीवर राहायला ये म्हटलं तर म्हणते, कुत्रा आहे ना.

कुत्र्याचं नाव तुमच्या कानावर आलंच असेल. वेंगाई. म्हणजे, करा खुशाल द्वेष. हाक मारली की भावकीत कोणाला ऐकू जावं म्हणून तिनं ते ठेवलं, तेही तुम्हाला माहीत आहे. नाव मी ठेवलेलं नाही, तेते. आणि तुम्हाला लिहिलंय हे माईला माहीत नाही.

तुमचा
जैरोस


मुतारे
८ सप्टेंबर

जैरोस,

सहा वर्षांनी आठवण झाली, तीही कुत्र्याच्या रक्तामुळे. असो. नाव माहीत आहे मला. ग्वेन्झीच्या बायका इथे बाजारात भेटल्या की मुद्दाम मोठ्यानं विचारतात, काय मुचानेता, वेंगाई कसा आहे?

पट्ट्या बघितल्या. तांबड्या पेशी फार कमी झाल्यात आणि त्यांच्यात जांभळे ठिपके दिसतात. हा गोचीड-ताप. तुझ्यासारख्या टाकीवरच्या माणसाला कळायला हवा होता. सोबत पिवळी पूड आहे. उकळून गार केलेल्या पाण्यात विरघळव आणि मांडीत एकदाच टोच. चिठ्ठीवर लिहिल्यापेक्षा थेंबभरही जास्त नको, मेंदूवर जातं. आणि आणखी कुठलं औषध दिलं असशील तर कळव.

बाकी एक सांगते. माझा भाऊ गेला तेव्हा भावकीनं तुझ्या आईला विचारलं, की धाकट्या दिराचं घर धरतेस का. तिनं नवऱ्याची काठी उचलली आणि सोळा वर्षांच्या तुझ्या हातात दिली. म्हणजे दुसरा नवरा नको, घराचा कर्ता माझा मुलगा. भावकीसमोर आमची तोंडं तिनं एवढीएवढीशी केली. ठीक आहे. आता कर्ता आहेस ना, मग उचल तिला तिथून.

तेते


ग्वेन्झी
१२ सप्टेंबर

तेते,

नवाला इंजेक्शन दिलं. दहाला त्यानं मक्याच्या पिठाचा साद्झा दोन घास खाल्ला. माईनं शेजारच्या म्हाताऱ्या सिमांगोंना ओरडून सांगितलं की माझा वाघ उठला. काल सकाळी पुन्हा मान टाकली. आता डोळ्यांचा पांढरा भाग पिवळा झालाय, कानांच्या आतली कातडीही. बरगड्या भात्यासारख्या हलतात. झोपून आहे, तरी धाप लागते.

मला भीती वाटते, तेते. कुत्रा जाईल याची वाटते, पण तेवढीच नाही. त्याला उचलून डोंगरावर नेलं की त्याचे हाल होतात, म्हणून माई गेले तीन दिवस डोंगरावर गेलेलीच नाही. दार लावून त्याच्याजवळ पडून राहते. ओढ्याच्या वाळूत परवा बुटांचे ठसे सापडले. आमच्याकडे कोण बूट घालतं? मी सायकलवरून जातो, हातापाया पडतो, ती मला परत पाठवते. म्हणाली, "यानं मला तीनदा एकटीला सोडलं नाही, मी याला सोडू?"

इंजेक्शन कुठून आणलंस असं तिनं विचारलं. सरकारी पेटीतलं, असं सांगितलं.

तुम्ही गोचीड-ताप म्हणालात म्हणून त्याचं सगळं अंग चाचपलं. एक गोचीड नाही. दर मंगळवारी गुरांमागोमाग मी त्यालाही टाकीत बुडवतो, म्हणून नसतील. दुसरं औषध कोणतंच दिलेलं नाही.

जैरोस


मुतारे
१३ सप्टेंबर

जैरोस,

गोचीड नाही हे तू पहिल्याच पत्रात लिहायला हवं होतंस. मीही ते विचारायला हवं होतं. तुझ्या जुन्या पट्ट्या आज पुन्हा लावल्या. त्यांना रंग नीट बसलेला नाही, त्यावरून खात्रीनं काही सांगता येणार नाही. नव्या हव्यात.

आता सांगते ते घाई न करता कर. सोबत दोन काचेच्या बाटल्या आहेत. तळाशी पूड दिसते, ती रक्त गोठू देत नाही. सांडू नको. पुढच्या पायाच्या शिरेतून रक्त घे, बाटलीत सोड आणि हलकेच खालीवर कर. कानाच्या टोकाला वेगळी सुई टोचून पहिल्या थेंबाच्या दोन पट्ट्या कर. गोचीड-तापाचे जंतू लपले असतील तर ते अशाच बारीक वाहिन्यांत जास्त सापडतात.

मग हे बघ. एक लिटर उकळलेल्या, गार झालेल्या पाण्यात दोन सपाट चमचे मीठ घाल. काचेवर बाटलीतल्या रक्ताचा एक थेंब, त्यावर त्या पाण्याचे चार थेंब. काच हळूहळू हलव आणि उजेडाकडे धर. रक्त सरबतासारखं एकसारखं पसरलं तर तसं लिही. गुठळ्या राहिल्या, ओढ्यातल्या लाल रेतीसारखे कण दिसले आणि हलवूनही मोडले नाहीत, तर तसं लिही. तुला काय दिसावंसं वाटतं ते लिहू नको. जे दिसलं तेच.

आणि जैरोस, औषधांबद्दल मला खरं हवंय. अंगाला लावायचा मलम, माणसाची गोळी, शेजाऱ्याचं झाडपाल्याचं, काहीही असो. मी कोणाला दोष द्यायला विचारत नाही.

तेते


ग्वेन्झी
१५ सप्टेंबर

तेते,

रेती राहिली.

तीन वेळा केलं. मीठ-पाणी टाकलं, काच हलवली, दाराशी जाऊन सूर्याकडे धरली. प्रत्येक वेळी लाल कण, वेगवेगळे, पाण्यात गाळ बसावा तसे. मग माझ्याच बोटाचं रक्त दुसऱ्या बाटलीत घेऊन तसंच केलं. ते सरबतासारखं पसरलं. म्हणजे पाण्यात किंवा काचेत खोट नव्हती. कानाच्या पट्ट्या आणि त्याची बाटली पाठवतोय.

दुसरी गोष्ट लिहायला जड जातंय. माईनं पुडक्यावरचं तुमचं अक्षर ओळखलं. तिच्या लग्नाच्या बोलण्यांची पत्रं तुम्हीच लिहीत होतात म्हणे, आणि ती तिनं अजून ठेवलीयत. मी खोटं बोललो हे तिला कळलं. मला वाटलं बाटल्या ओढ्यात फेकेल. पण मी शीर शोधत होतो तेव्हा तिनंच त्याचा पाय धरला. काचेवरचे कण तिनंही पाहिले. मग तुमचं पत्र मागितलं आणि सबंध वाचलं, औषधांबद्दलचं दोनदा.

वाचून ती आत गेली आणि पिठाच्या मडक्यामागून एक कागदी पुडी घेऊन आली. ऑगस्टच्या मध्यावर कुंपणाच्या तारेनं वेंगाईचा पाय फाटला होता. तिला स्वतःला कधीतरी जखमेसाठी दिलेल्या पांढऱ्या गोळ्या उरल्या होत्या. त्या ती त्याला साद्झाच्या गोळ्यात घालून द्यायची. पाय बरा झाला. नंतर तो मरगळला, म्हणून तिनं पुन्हा सुरू केल्या. काल सकाळपर्यंत देत होती. त्यातली एक सोबत पाठवतोय, वर अक्षरं आहेत.

माई म्हणाली, "तिला लिही, मीच देत होते. पोराला ठाऊक नव्हतं." आणि बाहेर जाऊन बसली.

काय झालंय त्याला, तेते? तो मरणार असेल तर तसं स्पष्ट सांगा. म्हणजे मी तिला खांद्यावर टाकून नेईन.

जैरोस


मुतारे
१६ सप्टेंबर

जैरोस आणि माई जैरोस,

हे दोघांनी वाचा.

कानाच्या पट्ट्यांवर मी दोन तास घालवले. जंतू एकही नाही. कुत्र्याची तांबडी पेशी एरवी मध्ये फिकट असते, कडेला गडद. वेंगाईच्या कितीतरी पेशी लहान, गच्च, गोट्यांसारख्या गोल झाल्यात, मध्ये फिकटपणा नाहीच. अशा पेशी आणि तुमची न मोडणारी रेती, दोन्ही एकच गोष्ट सांगतात. बाहेरून येणाऱ्या रोगाशी लढायला अंगात जी फौज असते, तिनं त्याच्या स्वतःच्या रक्तालाच शत्रू ठरवलंय. पेशींना चिकटून ती त्यांचे लचके तोडतेय. उरतं ते गोटीएवढं, आणि शेवटी तेही फुटतं. पिवळेपणा आणि चहासारखी लघवी त्याचीच.

हे कशानं सुरू झालं ते छातीठोकपणे कोणी सांगू शकणार नाही. पण गोळीवरची अक्षरं मी ओळखते. ती सल्फाची आहे, आणि काही कुत्र्यांत ती हे करते. ती बंद झाली, हे आधी बरं झालं. माई जैरोस, जखमेला गोळी द्यावी असं कोणालाही वाटलं असतं.

आता माझं. जुन्या पट्ट्यांना रंग नीट बसलेला नाही, असं मी लिहिलं. ते अर्धंच खरं आहे. ते ठिपके म्हणजे रंगाचा गाळ होता. भिंगाचा स्क्रू केसभर फिरवला असता तर ठिपके पेशीच्या वर तरंगताना दिसले असते, आत नाही. नव्या पोरींना हे मी पहिल्या आठवड्यात शिकवते. त्या दिवशी मी स्क्रू फिरवला नाही. पाकीट उघडलं, कुत्र्याचं नाव वाचलं, आणि मला काच लवकर बाजूला ठेवायची होती. त्यात पाच दिवस गेले. हे मी कोणाला सांगितलेलं नाही, तुम्हालाच सांगतेय.

सोबतच्या गोळ्या ती फौज थोपवतात. सकाळी चार, संध्याकाळी चार, खाण्याबरोबर. त्याला तहान लागेल, भूक लागेल, घरात लघवी करेल. रागावू नका. एकही वेळ चुकवू नका, आणि बरा वाटला म्हणून एकदम बंद करू नका. कमी कशा करायच्या ते मी सांगेन, त्याला महिने लागतील.

भीती कशाची तेही सांगते. माझ्या नजरेतून एखादा जंतू सुटला असेल, तर याच गोळ्यांनी तो मोकाट सुटेल आणि कुत्रा दोन दिवसांत जाईल. हे पक्कं ठरवणारी एक तपासणी असते, पण तिचं रसायन आमच्याकडे नाही. या वेळी मी पट्ट्या शेजारच्या टेबलावरच्या मुलीला दाखवल्या, काही न सांगता. तिनंही गोट्याच पाहिल्या. तरी निम्मी कुत्री यात वाचत नाहीत.

सकाळ-संध्याकाळ हिरड्या बघा. छातीवर हात ठेवून मिनिटाला किती श्वास ते मोजा आणि लिहून ठेवा.

मुचानेता


मुतारे
१ ऑक्टोबर

जैरोस,

पंधरा दिवस झाले. तुमच्या बाजूची बस सोमवारपासून आलेली नाही. स्थानकावर रोज जाते. कंडक्टर म्हणतो रस्ता बंद आहे, का ते सांगत नाही. बाजारात ग्वेन्झीची एकही बाई दिसत नाही.

हे पत्र सैनिकांच्या ट्रकबरोबर देतेय, पोचेल की नाही माहीत नाही. कुत्र्याचं मी विचारत नाही. कोण जिवंत आहे तेवढं एका ओळीत लिही. माझ्याकडे एक खोली आहे, मी एकटीच असते. तिला सांग.

तेते


चिकुक्वे रस्त्यावरची शाळा
१४ ऑक्टोबर

तेते,

जैरोस जिवंत आहे, मीही आहे. तो घरावर घालायला गवत कापायला गेलाय, म्हणून हे मी, त्याची आई, लिहितेय. माझ्या अक्षराला हसू नका.

तुमचं सोळा तारखेचं पत्र मिळालं त्याच संध्याकाळी गोळ्या सुरू केल्या. तुम्ही दोन दिवस म्हणाला होतात, म्हणून दोन दिवस मी डोळा मिटला नाही. तिसऱ्या दिवशीही तो तसाच. चौथ्या दिवशी पाणी प्यायला, इतकं की वाडगं मी सहादा भरलं. सहाव्या दिवशी हिरडीच्या कडेला अगदी पुसट गुलाबी दिसलं. मला खोटं वाटलं, म्हणून सिमांगोंच्या म्हातारीला बोलावून दाखवलं. ती म्हणाली, गुलाबी आहे. पण उभा राहिला की त्याचे पाय थरथरायचे आणि भुंकायला तोंड उघडलं तर नुसती हवा यायची.

ती माणसं सव्वीसला आली. दिवस कलला होता, गाव डोंगराकडे निघायच्या तयारीत होतं. मी घरामागे त्याच्या छातीवर हात ठेवून श्वास मोजत होते, तुम्ही सांगितलं होतं तसे. बत्तीस झाले, तेहतीस झाले, आणि मग हाताखाली काहीतरी वेगळंच घरघरलं. आवाज नव्हता. बरगड्याच थरथरत होत्या. मान उचलून तो ओढ्याकडे बघत होता, कान ताठ. माझा हात तिथे नसता तर मला काही कळलंच नसतं.

डबा वाजवला. त्याला पाठीवर घेतलं, पोराला बांधतात तसं कापडानं बांधलं, आणि चढले. कशी चढले ते विचारू नका. वरून घर पेटलेलं दिसलं. माझं पहिलं, मग एकेक करून अकरा. शेळ्या गेल्या, धान्य गेलं, जैरोसची सायकल गेली. सिमांगो आणि त्यांची म्हातारी निघाले नाहीत. त्यांच्याबद्दल मला लिहिता येणार नाही. जैरोस टाकीवर होता. धूर बघून पळत आला आणि मला शोधत सकाळपर्यंत जळलेल्या घरांत फिरत होता.

तुमच्या गोळ्या माझ्या कमरेच्या गाठीत होत्या, चुकवायच्या नाहीत असं लिहिलं होतं म्हणून. लग्नाची पत्रं जळली. आता सहा दिवसांच्याच गोळ्या उरल्यात, ट्रकबरोबर पाठवा. सोबतच्या दोन पट्ट्या जैरोसनं काल कानाच्या टोकावरून केल्या. बघा. शेजारच्या मुलीलाही दाखवा.

तुम्ही चुकलात असं लिहिलंत. मी तर महिनाभर स्वतःच्या हातानं त्याला विष भरवलं. बरोबरी झाली असं म्हणत नाही, तुम्ही बोललेलं सगळं मी विसरलेही नाही. खोलीचं विचारलंत, ते मनात ठेवलंय. पण पावसाआधी घरावर छप्पर घालायचंय, म्हणून आत्ता येत नाही. तुम्हीच या. भिंग घेऊन या, नाहीतर नुसत्या या.

इथे शाळेच्या मैदानात आम्ही दीडशे जण आहोत. कोणी मोठ्यानं बोलत नाही, मुलंसुद्धा. भांडं पडलं तरी माणसं उठून उभी राहतात. काल दुपारी सगळे जेवायला बसले होते, आणि वेंगाई भुंकला. आजारी पडल्यापासून पहिल्यांदाच. पूर्वीसारखा, पोटातून. सगळे पळाले. साद्झाची भांडी लवंडली, बायका मुलांना काखोटीला मारून झाडीत शिरल्या, शाळेचा मास्तर खिडकीतून उडी मारून गेला. फाटकात कोणाचंतरी चुकलेलं गाढव उभं होतं.

मैदानात मी एकटीच उरले. मलाही पळायचं होतं. पण तो भुंकत होता, थांबतच नव्हता, आणि मी बसून ऐकत राहिले.

एस्नात